आजाऱ्याशेजारी कसे बसावे

वाचनकक्षाच्या बाईंना तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आवाज चढवावा लागला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही; तसे बोलून दाखवणे हेही त्यांच्या लेखी आवाज चढवण्यासारखेच होते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर उंच खिडक्यांचा तो लांबट कक्ष होता. अठरा टेबले, बहात्तर खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पायांना बाईंनी जुन्या ब्लँकेटचे तुकडे स्वतः शिवून बसवले होते. दर सोमवारी दाराच्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब पडत. कुणी वर्तमानपत्राची घडी जरा जोरात मोडली की बाई नुसती मान वर करीत, आणि तेवढ्याने भागत असे. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘चिडीचूपबाई’ म्हणत. बाईंना हे ठाऊक होते आणि, खरे सांगायचे तर, थोडे आवडतही होते.

त्यांच्या लहानपणी आई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. त्या दोन वर्षांत घरातली चार भावंडे टाचा उचलून चालायला शिकली. वडील चपला उंबऱ्याबाहेर काढून, खोकला दाबत आत येत आणि आईच्या उशाशी एक शब्द न बोलता तासभर बसून राहत. प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या कानावर आपला भार न पडू देणे, ही बाईंची व्याख्या तिथे तयार झाली. ती त्यांनी पुन्हा कधी तपासली नाही. आपल्या घरात जे शिकलो ते जगाचेच नियम, असे धरून चालण्यात एक मोठे सुख असते. त्यात विचार करावा लागत नाही.

या व्याख्येत न बसणारी माणसे शहरात होतीच. पुलापलीकडच्या वस्तीतले लोक दोन पिढ्यांपूर्वी डोंगरापलीकडून बांधकामाच्या कामावर आले होते. निम्मे शहर त्यांनी बांधले. ग्रंथालयाचा दुसरा मजलाही त्यांच्याच हातचा. रस्त्याच्या या फुटपाथवरून त्या फुटपाथवर ते गप्पा मारत. कुणी खाली नोंदणीच्या खिडकीशी आले, तर बाईंना वर बसून त्यांचे नाव, पत्ता आणि तक्रार तिन्ही समजत. अशा वेळी बाई शेजारच्या लिपिकाला हळूच म्हणत, “त्यांच्यात तसंच असतं.” या वाक्यात तिरस्कार नसे. उलट आपण समजूतदारपणे बोललो असेच त्यांना वाटे. पण या तीन शब्दांपाशी आले की त्यांचे कुतूहल थांबे, आणि ते तिथे थांबते हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते.

बाईंचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरी अतिशय शांत; पेपर वाचावा, कुंड्यांना पाणी घालावे, विचारले तर उत्तर द्यावे. असा नवरा मिळाला हे आपले भाग्य, असे बाई मनाशी म्हणत. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला आणि पाठोपाठ ते स्वतःच खाली बसले. रुग्णालयात नेईपर्यंत उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती.

“त्यांना समजतंय सगळं,” डॉक्टर म्हणाले. “शब्द सापडत नाहीयेत, एवढंच. हळूहळू काही सापडतील. सध्या महत्त्वाचं आहे ते गिळणं. घशात ताकद आहे. पण माणसानं मनावर घेतलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.”

‘नळी’ हा शब्द ऐकताच कंडक्टरांनी डाव्या हाताने बाईंचे मनगट इतके घट्ट धरले, की त्यावर बोटांचे वळ उठले. त्यांना बोलता येत नव्हते, पण हे म्हणणे स्पष्ट होते. बाईंनी मान हलवली. नळी येऊ द्यायची नाही, हे दोघांमध्ये ठरले.

दहा खाटांच्या त्या वॉर्डात कंडक्टर सहा नंबरच्या खाटेवर होते. बाईंनी रजा टाकली आणि आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत मोठी सेवा सुरू केली: त्या गप्प बसून राहिल्या. चमचा वाटीला लागू न देता सूप भरवायच्या. सिस्टरला काही विचारायचे तर कुजबुजत. लेकीचा परगावाहून फोन आला की उठून जिन्यात जायच्या. कंडक्टर भिंतीकडे बघत पडलेले असत, आणि बाई त्यांच्याकडे.

तिसऱ्या दिवशी सात नंबरवर एक म्हातारा गवंडी आला. छातीत पाणी झाले होते. चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली आणि पुलापलीकडची पाच माणसे एकदम आत शिरली. सर्वांत पुढे त्याची थोरली बहीण, मोठ्या हाडाची, पंच्याहत्तरीची, कमरेवर हात ठेवून.

“उठ की रे!” ती दारातूनच म्हणाली. “खाट काय आंदण मिळाली आहे तुला?”

“मामंजी, मुकादम विचारत होता,” मागून सून म्हणाली, “भिंत अर्धी सोडून गवंडी गेला कुठे? मी सांगितलं, गेलेत हवा खायला. पांढरी गादी, पांढरी उशी, थाट आहे नुसता.”

“मुकादमाला म्हणावं, तू ये बदली,” गवंडी धापा टाकत म्हणाला.

“बघा, जीभ शाबूत आहे!” थोरली म्हणाली. “छातीत पाणी झालंय म्हणे. जन्मभर सिमेंटमध्ये पाणी जास्त घातलंस, ते कुठं जाणार?”

पाचही जण हसले. गवंडी हसता हसता खोकला, आणि ते थांबण्याऐवजी आणखी हसले.

मरणाच्या दारातून आलेल्या माणसाची अशी चेष्टा? त्यांनी उठून दोन खाटांमधला पडदा ओढला. पडद्याने माणसे झाकली, आवाज झाकले नाहीत. पडद्याकडे पाहताना कंडक्टरांच्या कपाळावर आठ्या उमटत होत्या आणि तोंडाचा डावा कोपरा वाकडा होत होता. बाईंना त्या वेदनेच्या वाटल्या. त्या दिवशी कंडक्टरांनी वाटीभर सूप संपवले; ते बाईंनी आपल्या चिकाटीच्या खाती जमा केले.

हे रोज चालू राहिले. चार वाजले की बाई पडदा ओढत, सव्वाचारला पलीकडे हशा सुरू होई, आणि कंडक्टर मान वळवून पडद्याकडे बघत राहत. आठवड्याने बाईंनी अर्ज लिहिला. तालिकेच्या कार्डांवर ज्या अक्षरात त्यांनी तीस वर्षे पुस्तकांची नावे लिहिली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात: ‘सदर रुग्णाचे नातलग भेटीच्या संपूर्ण वेळेत रुग्णाचा उपहास करतात. त्यामुळे शेजारील रुग्णास असह्य मनस्ताप होतो. वॉर्डातील शांततेच्या दृष्टीने योग्य ती व्यवस्था व्हावी.’

सिस्टरने दोनदा वाचला. “बाई, मनस्ताप तुमच्या यजमानांना होतोय की तुम्हाला?”

“त्यांना बोलता येत नाही, म्हणून मी लिहिलं,” बाई म्हणाल्या.

अर्जात नियमाला धरून नसलेले काहीच नव्हते. गवंड्याला व्हरांड्यापलीकडच्या छोट्या खोलीत हलवण्यात आले. एका वेळी एकानेच आत जायचे आणि हळू बोलायचे, अशी नातलगांना ताकीद मिळाली. सात नंबरची खाट रिकामी राहिली. वॉर्ड अगदी बाईंच्या वाचनकक्षासारखा झाला.

आणि कंडक्टरांनी तोंड मिटून घेतले.

पहिल्या दिवशी बाईंना वाटले, थकवा असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी चमचा ओठांना लावला तर कंडक्टरांनी चेहरा भिंतीकडे फिरवला. रागाने नाही. चुकीच्या थांब्यावर आलेल्या बसकडे एखादा उतारू ज्या उदासीनतेने पाहतो, तसे ते चमच्याकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “सलाइनवर किती दिवस ठेवणार? परवा सकाळपर्यंत बघू. नाहीतर नळी.”

या वेळी कंडक्टरांनी मनगटसुद्धा धरले नाही. बाई घाबरल्या त्या याने.

त्या दुपारी औषधे आणायला बाई खाली गेल्या होत्या. परत येताना वॉर्डाच्या दाराशीच त्यांचे पाय थांबले. आतून एक आवाज आला होता, फाटका, घशातून निघालेला, शब्द नसलेला. पण तो हसण्याचा होता, आणि तो कुणाचा हे कळायला त्यांना एक क्षण लागला. तीस वर्षांत त्यांनी तो एवढा मोठा ऐकलाच नव्हता.

सहा नंबरच्या खाटेशी थोरली उभी होती. सात नंबरखाली राहिलेला तांब्या घ्यायला आली असावी. तो तिच्या काखेत होता. आज पडदा उघडा होता, आणि तिने पहिल्यांदाच शेजारच्या पेशंटचा चेहरा पाहिला होता.

“अहो कंडक्टर, तुम्ही!” ती म्हणत होती. “आणि मी आठवडाभर इथं फुकटचा तमाशा करत होते! एकोणीस वर्षं पहिल्या बसला मला छळलंत. ‘मावशी, टोपलीला अर्धं तिकीट. मावशी, आज टोपली उभी राहील आणि तुम्ही डोक्यावर बसा.’ आता माझी पाळी आली, तर तोंड शिवून पडलात होय?”

कंडक्टरांचे खांदे हलत होते.

“आणि हे काय? हे सूप कोण पिणार, ड्रायव्हर?” तिने वाटी उचलली. “उघडा तोंड. सगळी बस खोळंबली आहे तुमच्यासाठी.”

कंडक्टरांनी तोंड उघडले. एक चमचा. कंठमणी वर गेला, खाली आला. दुसरा चमचा.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी दुसरेच काही पोचले, कडू आणि जुने. तीन दिवस आपण ज्या तोंडासमोर हात जोडले, ते एका परक्या बाईच्या शिव्याशापांना उघडले. त्या आत गेल्या. त्यांना पाहताच थोरलीने वाटी खाली ठेवली.

“चुकलं, बाई,” ती म्हणाली, आणि मुद्दाम कुजबुजत म्हणाली. “हळू बोलायचं, ठाऊक आहे मला. निघाले.”

ती गेली. बाईंनी स्टुलावर बसून तीच वाटी, तोच चमचा उचलला. कंडक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि तोंड मिटले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

“तुझे बाबा,” त्यांनी विचारले, “बसमध्ये बोलायचे?”

“आई!” लेक हसलीच. “मी कॉलेजला त्याच बसनं जायचे की. पुलापलीकडचे लोक दुसरी बस आली तरी सोडून बाबांच्या बसची वाट बघायचे. बस तिकडून भरून यायची आणि शेवटच्या बाकापर्यंत नुसती थट्टा. बाबा एकाला बोलले की चार जण बाबांना बोलायचे.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी?” लेक बोलून गेली. मग जपून म्हणाली, “घरी आल्यावर बाबा गणवेश काढून खुंटीला लावायचे ना, तसा आवाजही लावून ठेवायचे. मला वाटलं, तुला माहीत असेल.”

फोन ठेवल्यावर बाईंना लग्नानंतरचा पहिला आठवडा आठवला. नवरा कामावरून आला होता आणि दारातच काहीतरी मोठ्याने सांगू लागला होता, हातवारे करून, आपणच हसत. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “जरा हळू बोलाल का?” एवढेच. तेही सौजन्याने. त्या माणसाने ते जन्मभर पाळले होते. काय सांगत होता तो त्या दिवशी? बाईंना ते काही केल्या आठवेना. कारण त्यांनी ते ऐकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाई व्हरांडा ओलांडून त्या छोट्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत गवंडी कपडे करून खाटेवर बसला होता, सून पिशवी भरत होती, थोरली चादरीची घडी करत होती. बाईंना पाहून तिघेही एकदम गप्प झाले. आपल्याला पाहून माणसे गप्प होतात याची बाईंना सवय होती. आज ती शांतता त्यांना सोसवेना.

“तो अर्ज मी केला होता,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक आहे,” थोरली म्हणाली. “अक्षर छान आहे म्हणे. सिस्टर सगळ्यांना दाखवत होती.”

“मला वाटलं, तुम्ही यांना छळताय. आजारी माणसाला असं बोलतात हे मी कधी पाहिलं नव्हतं.”

थोरलीने घडी बाजूला ठेवली. “मग आम्हालाही तुमच्याबद्दल काय वाटलं ते ऐका. नवरा आडवा पडलाय आणि ही बाई दिवस दिवस शेजारी बसून एक शब्द भांडत नाही. मी सुनेला म्हटलं, दगड आहे दगड! आणि तुम्ही कुजबुजायला लागलात की आम्हाला कापरं भरायचं. आमच्यात आवाज खाली जातो तो फक्त मढ्यापुढे. जिवंत माणसापुढे हळू बोलणं म्हणजे त्याला सांगणं, की बाबा, तू निघालास, आम्ही मान्य केलं.”

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आपल्या वडिलांचे ते तासभराचे बसणे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. तेही खोटे नव्हते.

“आमच्यात,” त्या सावकाश म्हणाल्या, “आजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून गप्प बसतात. तेही मायेनंच.”

“ते मात्र खरं आहे,” खाटेवरून गवंडी म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. “संध्याकाळी ही मंडळी गेल्यावर पडद्यापलीकडे तुम्ही बसलेल्या असायचात. काही बोलणं नाही, चालणं नाही. कुणीतरी जागं आहे एवढंच कळायचं. मला झोप लागायची. आमचे लोक जगवतात, पण झोपू देत नाहीत.”

“बघा, हा फितूर झाला!” थोरली म्हणाली. पण तिने बाईंसाठी स्टूल पुढे ओढले.

बाई बसल्या. त्यांनी सांगितले: उद्या सकाळी नळी. तुम्ही बोललात तेव्हा दोन चमचे गेले. आज चार वाजता याल का?

“आम्हाला सुट्टी मिळाली, बाई. गाडी खाली उभी आहे,” थोरली म्हणाली. “आणि मी आज आले, तर उद्या कोण? परवा कोण? कंडक्टरला मी भावासारखं मानते. म्हणजे तुम्ही माझ्या भावजय. नणंदेच्या नात्यानं सांगते, हे तुम्हालाच करावं लागेल. नवऱ्याशी भांडायचात ना?”

“भांडायचो.”

“काय बोलायचात?”

“बोलायचो नाही. अबोला धरायचो.”

“किती दिवस?”

“एकदा अकरा दिवस झाले होते.”

सुनेच्या हातातली पिशवी खाली बसली. “अकरा दिवस! अकरा दिवसांत आमच्याकडे वीस भांडणं होऊन बावीस वेळा समेट होईल.”

“बरं, बोलून दाखवा बघू,” थोरली म्हणाली. “हा माझा भाऊ म्हणजे तुमचा नवरा. करा सुरुवात.”

बाईंनी गवंड्याकडे पाहिले. घसा साफ केला. “आपण,” त्या म्हणाल्या, “जरा जास्तच विश्रांती घेत आहात, असं मला वाटतं.”

सून तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. गवंडी खोकू लागला. थोरलीने मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला. “बाई, हे निमंत्रणपत्रिका वाचल्यासारखं झालं.”

बाईंचे कान तापले. पण त्या उठल्या नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यात ही गोष्ट काही लहान नव्हती. “मला थट्टा जमत नाही,” त्या म्हणाल्या.

“थट्टा नकोच,” थोरली आता हसत नव्हती. “ज्याचा खरोखर राग आलाय ते बोला. जो आपल्याला सोडून जाणार असं वाटतं, त्याच्यावर कुणी रागावत नाही. तुम्ही रागावलात, की माणसाला कळतं, हिनं मला अजून धरून ठेवलंय.”

चार वाजता बाईंनी सूप गरम करून आणले. वॉर्डात इतर खाटांशी नातलग बसले होते. कंडक्टर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“उठा,” बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता, की तो त्यांचा त्यांनाही जेमतेम ऐकू आला. “उठा,” त्यांनी पुन्हा म्हटले. पुढे काय बोलायचे ते सुचेना. राग शोधू गेले तर हाती भीतीच लागत होती. मग बोलता बोलता त्यांना तो सापडला. तो आदल्या संध्याकाळपासून तिथेच बसून होता.

“एकोणीस वर्षं,” बाई म्हणाल्या. “एकोणीस वर्षं त्या बाईला रोज पहाटे हसवलंत. सगळ्या बसला हसवलंत. लेकीलाही माहीत होतं. आणि मी? मी एकदा म्हटलं हळू बोला, एकदा, नवी नवरी होते मी, बावीस वर्षांची, मला काय कळत होतं! तर तेच धरून बसलात? एकदा तरी म्हणायचं, नाही बोलत हळू, काय करशील! माझ्याशी भांडण्याइतकीही लायकी नव्हती का माझी?”

पाच नंबरच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. दारातल्या सिस्टरच्या हातात तापमापक तसाच राहिला. बाईंना हे दिसत होते आणि आवाज खाली येत नव्हता.

“आणि इतकी वर्षं सगळं गिळून बसलात, तर सूप काय जड आहे?”

कंडक्टरांनी मान वळवली. ते बाईंकडे पाहत होते. नीट, बराच वेळ, ओळखीचे कुणी गर्दीत अचानक दिसावे तसे. मग त्यांचा डावा हात चादरीखालून निघाला आणि वाटीकडे गेला. धरताना वाटी कलली, निम्मे सूप बाईंच्या मांडीवर सांडले.

“सांडा!” बाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायला हात रिकामे नव्हते. “सगळं सांडा. धुणारी आहेच इथं!”

तोंडाचा डावा कोपरा वाकडा झाला. आज चेहरा पडद्याकडे वळलेला नव्हता, आणि जवळून पाहताना त्या वेदनेचे खरे रूप बाईंना दिसले. हा माणूस आठवडाभर हसत होता.

त्यांनी चमचा पुढे केला. तो आत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला थोडे ओघळले, चौथा पुरता गेला. सिस्टर जवळ येऊन उभी राहिली आणि प्रत्येक घोट मोजू लागली. सहाव्या चमच्याला कंडक्टरांनी तोंड वेडेवाकडे करून मान हलवली.

“आता काय?” बाईंनी विचारले.

कंडक्टरांनी डाव्या बोटाने वाटी दाखवली, मग बाईंना दाखवले. चाखून बघ, असे. बाईंनी उरलेल्यातला एक चमचा तोंडात घातला. त्यात मिठाचा कण नव्हता. रोज एकच वाटी, अशीच, आणि या माणसाने ती निमूटपणे घेतली होती.

“अहो, हे अळणी आहे!” बाई ओरडल्या. “इतके दिवस तोंडानं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?”

बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळले. वाचा गेलेल्या माणसाला! त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. पण कंडक्टरांचे खांदे हलू लागले होते, खाट हलू लागली होती, घशातून तो फाटका आवाज सुटला होता आणि त्याला शेवट नव्हता. त्या हसण्याच्या अधेमधे ओठ काहीतरी जुळवू पाहत होते. दोन वेळा निसटले. तिसऱ्या खेपेला श्वासात भिजल्यासारखा, अर्धामुर्धा, पण स्पष्ट कळेल असा शब्द बाहेर आला.

“मीठ.”

“चिमूटभर चालेल का हो?” बाईंनी सिस्टरला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता उठल्या.